हॉलंडचे बटाटे आणि नेपाळचा अर्धा सिलिंडर: गोव्याच्या तिन्ही खासदारांना खुलं पत्र

मा. खासदार महोदय,

तिघांनाही नमस्कार. लोकसभेतले दोघे आणि राज्यसभेतले एक, पक्ष वेगवेगळे असले तरी पत्र एकच लिहितोय, वेगवेगळी तीन पत्रं लिहायला वेळ नाही, सीझन चालू आहे.

परराष्ट्र धोरणावर गोव्यातून तुम्हाला कोणी लिहीत असेल असं वाटत नाही. त्या खात्याशी आपला संबंध म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट, परदेशी नागरिक झालेल्यांचं ओसीआय कार्ड आणि आखातात अडकलेला कुणाचा तरी मुलगा, एवढाच. बाकी मग खाणी, म्हादई, कॅसिनो, जमिनी. पण परवा माझ्याच टेबलावर एक गोष्ट झाली आणि ती काही डोक्यातून जात नाही म्हणून हे पत्र.

माझं घर डिचोलीला, धंदा हणजूणला. वर सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस आणि खाली जेवणाखाण्याचं. सकाळी साडेसात-आठला आमच्याच वाड्यावरची चारपाच मंडळी पातळ भाजी-पाव खायला येऊन बसतात आणि जगाचा कारभार चालवतात. परवा विषय निघाला शेजारी देशांचा. बांगलादेश उलटला, नेपाळ वादातली जमीन स्वतःची दाखवणारे नकाशे छापतो, मालदीवने आपले सैनिक घालवले, श्रीलंका चीनची जहाजं उभी करून घेते, मग एकजण म्हणाला, ह्यांचं एकदा नाक दाबायला पाहिजे, नाक दाबलं की तोंड उघडतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, खरं सांगतो, मीही अर्धी डोलावली. आणि त्याच वेळेला आमचा कूक टेबलावर भाजीची वाटी ठेवत होता. तो नेपाळचा, गुल्मी जिल्ह्यातला, बारा वर्षं माझ्याकडे आहे, ऑक्टोबरात येतो आणि पाऊस लागायच्या आत घरी जातो. आता तो आमच्यासारखीच कोकणी बोलतो, म्हणजे त्याला सगळं कळलं. काही बोलला नाही. वाटी ठेवली आणि आत गेला.

ह्या माणसाचं नाक एकदा दाबून झालेलं आहे, ते मी पाहिलंय. २०१५ साली एप्रिलमध्ये नेपाळात ७.८ चा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसं गेली. त्यात आपली विमानं काही तासांत काठमांडूला उतरली होती, हे तोही मान्य करतो. त्याच्या घराची एक भिंत पडली, मी थोडे पैसे दिले, त्याने ती उभी केली. मग २० सप्टेंबरला नेपाळने नवीन संविधान आणलं, तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागातले मधेशी लोक आपल्याला त्यात न्याय मिळाला नाही म्हणून रस्त्यावर बसले (त्यांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं, नागरिकत्व आणि प्रतिनिधित्व हे खरे प्रश्न होते), दिल्लीला ते संविधान आवडलं नव्हतं, आणि रक्सौल-बीरगंजच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या. आपलं सरकार म्हणालं आम्ही काही बंद केलेलं नाही, पलीकडे आंदोलन आहे, ड्रायव्हर जायला घाबरतात. असेलही. पण जिथे आंदोलन नव्हतं त्या नाक्यांवरूनही गाड्या मुंगीच्या पावलाने जात होत्या, आणि हे गुल्मीतल्या म्हातारीला कसं समजवायचं? दसऱ्याच्या दिवसांत तो रोज रात्री भांडी आवरून झाली की घरी फोन लावायचा. गॅस नाही, मिळाला तर अर्धा भरलेला सिलिंडर, तोही रांग लावून, पेट्रोल काळ्या बाजारात, औषधं नाहीत, भूकंपात पडलेल्या घराचीच लाकडं चुलीत घालताहेत. हे पाच महिने चाललं, फेब्रुवारी २०१६ पर्यंत. मला एकदाच म्हणाला, दादा, भूकंप देवाने केला, हे कोणी केलं? मी म्हटलं राजकारण आहे रे. दुसरं काय म्हणणार होतो.

आता नाक दाबल्यावर तोंड उघडलं का? उघडलं की. मार्च २०१६ मध्ये नेपाळचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनमधून माल ने-आण करायचा करार करून आले, पुढे २०१९ मध्ये चार चिनी बंदरं वापरायची मुभाही कागदावर आली. तोंड उघडलं ते पलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारायला. आता ती बंदरं हजारो किलोमीटर लांब, मध्ये हिमालय, त्या वाटेने तांदळाचं पोतं आणायचं तर पोत्यापेक्षा भाडं जास्त, हे ओलींनाही माहीत होतं. पण २०१७ च्या निवडणुकीत मतं मागायला २०१६ चा तेवढा कागद पुरला. भारताला नमवलेला माणूस म्हणून ते दणदणीत निवडून आले. ती निवडणूक ओलींना निम्मी आपणच जिंकून दिली.

आता तुम्ही म्हणाल गोव्याचा यात काय संबंध. साहेब, आपल्याइतका संबंध भारतातल्या दुसऱ्या कुठल्याच राज्याचा नसेल. आपलं नाक दाबलेलं आहे. आणि ते दिल्लीनेच.

माझ्या आजीचं माहेर बांद्याचं, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज सीमेपलीकडचं, भारतातलं. डिचोलीहून बैलगाडीने गेलं तरी संध्याकाळपर्यंत पोचायचं असं अंतर. सीमा होती पण रोटी-बेटी सगळी त्या सीमेवरूनच चालायची, भाताचं बी तिकडून, बायको तिकडून, दशावतार तिकडून. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी पुरती आवळली. रेल्वे बंद, माल बंद, मुंबईला आगबोटीवर आणि घरकामाला असलेल्या गोंयकारांच्या मनीऑर्डरी बंद, येण्याजाण्याला परवाने. हेतू काय होता? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला गुडघ्यावर आणायचं. हेतू चांगलाच होता, त्यात वाद नाही. आमच्या आजोबांचे चुलत भाऊ आग्वादच्या तुरुंगात होते, आमच्या घरात कुणालाही पोर्तुगीज हवे नव्हते, तेव्हा मला कोणी उगाच पोर्तुगीजप्रेमी वगैरे ठरवू नये.

पण झालं काय? सालाझार लिस्बनला, त्याच्या ताटातली पोळी काही कमी झाली नाही. इकडे पोर्तुगिजांनी हॉलंडहून बटाटे आणले, जपानहून सिमेंट, सिलोनहून चहा, आणि तांदूळ पाकिस्तानातून. परत वाचा, पाकिस्तानातून. आपण ज्या दाबोळी विमानतळावरून आज दिल्लीला जाता तो त्याच दिवसांत उभा राहिला आणि तिथून जी विमानं उडायची ती कराचीला जायची. खनिज जपानला जात होतं, पैसा येत होता, म्हापशाच्या बाजारात परदेशी माल भरलेला, आणि घड्याळं नि सोनं चोरून पलीकडे नेणारे तर गबर झाले. आजी सांगायची, बटाटे गुळगुळीत आणि मोठे असायचे, पण आमटीत शिजत नसत लवकर. तिचा भाऊ बांद्याला वारला तेव्हा परवाना हातात येईपर्यंत बारावा होऊन गेला होता. ती काँग्रेसला मत द्यायची की मगोला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) ते मला माहीत नाही, पण नेहरूंचं नाव निघालं की गप्प व्हायची. आणि शेवटी गोवा मुक्त झाला तो नाकेबंदीने नाही, १९६१ च्या डिसेंबरात सैन्य आलं तेव्हा, दोन दिवसांत.

गोवा देश नव्हता, वसाहत होती, नेपाळ सार्वभौम देश आहे, ही तुलना तंतोतंत नाही हे मलाही कळतं. पण स्वयंपाकघरात बसून बघितलं तर नाकेबंदी सारखीच दिसते. ज्याला दुखवायचं त्याला लागत नाही, ज्याला लागतं त्याला कारण कळत नाही, आणि दुकान बंद झालं की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं. मी धंदेवाला माणूस, मला एवढंच कळतं. चोर्ला घाट दरड पडून दोन दिवस बंद राहिला तर म्हापशात कोथिंबीर सोन्याच्या भावाने जाते आणि लगेच लोक बेळगावच्या नावाने बोटं मोडतात. बेळगावने काहीच केलेलं नसतं! मग मुद्दाम केल्यावर काय होत असेल.

आणि ही सवय जुनी आहे, कुठल्या एका पक्षाची नाही, त्यामुळे तुमच्यापैकी कुणीच खूश होऊ नका. १९८९ साली राजीव गांधींच्या काळात नेपाळशी व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले आणि दोन सोडून बाकी नाकी बंद केली, वर्षभराहून जास्त. कागदावर कारण कराराचं, खरी पोटदुखी ही की नेपाळने आदल्या वर्षी चीनकडून विमानविरोधी तोफा आणल्या होत्या. २०१३ च्या जुलैमध्ये मनमोहन सिंगांचं सरकार असताना भूतानच्या मतदानाला दोन आठवडे उरले असताना आपण त्यांच्या रॉकेल आणि गॅसची सबसिडी बंद केली, भाव एकदम चढले, तिथलं सरकार बदललं, सबसिडी परत चालू. दिल्ली म्हणते तो तांत्रिक प्रकार होता. योगायोग असतात तसे कधीकधी.

मग यामागचा हेतू काय असतो, हा माझा खरा प्रश्न. टीव्हीवर कायम एकच उत्तर, चीन. ते खोटं नाही. सिलिगुडीजवळ आपली भूमी जेमतेम वीसबावीस किलोमीटरची चिंचोळी आहे, २०१७ मध्ये डोकलामला आपले जवान ७३ दिवस चिन्यांसमोर उभे होते, ती जमीन भूतानची पण धोका आपल्याला. सुरक्षेची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण गेल्या चाळीस वर्षांतल्या गोष्टी एकापुढे एक ठेवून बघा, बऱ्याचदा हेतू सीमेवर सापडत नाही, तो आपल्याच घरात सापडतो.

लासलगाव घ्या. सप्टेंबर २०१९ च्या शेवटी कांदा महागला, महाराष्ट्रात मतदान तोंडावर, सरकारने रातोरात कांद्याची निर्यात बंद केली. नाशिकचा शेतकरी रडला ते आपण मराठी पेपरात वाचलं, पण तिकडे ढाक्यात कांद्याचे भाव इतके चढले की शेवटी विमानाने कांदा आणला. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना त्याच दिवसांत दिल्लीत आल्या होत्या, हिंदीत हसत हसत म्हणाल्या की मी माझ्या आचाऱ्याला सांगितलंय कांदा घालू नको, आणि निदान आधी सांगत जा अशी विनंती केली. सगळे हसले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात परत तेच केलं, परत न सांगता. यात चीन कुठे आहे? इथे परराष्ट्र धोरण नव्हतंच मुळी, वड्याचं तेल वांग्यावर होतं.

कच्चथीवूचंही तेच. १९७४ साली इंदिरा गांधी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरीमावो बंदरनायके यांनी करार करून जे बेट श्रीलंकेच्या बाजूला गेलं ते अचानक २०२४ मध्ये तमिळनाडूच्या मतदानाला तीन आठवडे असताना आठवलं, मतदान झालं, विसरलं. तिथला खरा भांडणाचा मुद्दा बेट नाहीच, ट्रॉलर आहेत. तमिळनाडूचे मोठे ट्रॉलर पलीकडे जाऊन समुद्राचा तळ खरवडून मासे काढतात आणि जाफन्याचे गरीब मच्छीमार, तेही तमिळच, हात चोळत बसतात. आता आपल्या बेतूलच्या किंवा कुटबणच्या कुठल्याही रापणकाराला विचारा मालपेचे ट्रॉलर रात्री एलईडी लावून आपल्या पाण्यात आले की त्याला काय वाटतं. तो जे सांगेल त्यातल्या शिव्या काढा, बाकी जाफन्याची बाजू तयार.

आणि पाणी! इथे तर आपण बोलूच नये अशी परिस्थिती आहे. म्हादईच्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी कर्नाटक वळवतं म्हणून आपण विधानसभा डोक्यावर घेतो, आई म्हणतो म्हादईला, लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकला १३.४२ टीएमसी दिलं तर आपल्याला झोप नाही. बरोबरच आहे, आपण खालच्या अंगाला, नळ वरच्याच्या हातात. हाच न्याय बांगलादेशाला लावा बघू. फराक्का धरण १९७५ पासून चालू आहे, कोलकात्याच्या बंदरातला गाळ धुवायला म्हणून गंगा वळवली. तीस्तेचा करार २०११ मध्ये तयार होता, पंतप्रधान ढाक्याला निघाले आणि ममता बॅनर्जींनी पाय मागे घेतला, तेव्हापासून तो तसाच पडलाय. हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी हवं हे कारण आपल्याला पटत नाही, पण उत्तर बंगालच्या शेतीला हवं हे बांगलादेशाला पटायला पाहिजे. हे कसं?

आता कुणी म्हणेल की तुम्ही फक्त आपल्याच चुका काढता, ते काय साधू आहेत? मुळीच नाहीत. ओलींना भारतद्वेषावर मतं मिळाली, मालदीवचे मुइझ्झू 'इंडिया आउट' म्हणत निवडून आले, १९८८ मध्ये भाडोत्री लोकांनी मालेवर हल्ला केला तेव्हा आपले पॅराट्रूपर आग्ऱ्याहून रातोरात गेले होते हे तिथल्या तरुण पोरांना माहीतही नसेल. श्रीलंका २०२२ मध्ये बुडाली तेव्हा आपण चार अब्ज डॉलरच्या आसपास मदत केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी हंबनटोटा बंदरात चीनचं युआन वांग ५ हे जहाज उभं करू दिलं. माझा मावसभाऊ वास्कोच्या शिपयार्डात आहे, श्रीलंकेच्या नौदलाची सयुराला आणि सिंदुराला ही दोन गस्तीची जहाजं आपल्या गोव्यातच बांधली, त्याला त्याचा भारी अभिमान, तो त्या दिवशी इतका चिडला की बांगड्याचं कालवण तसंच टाकून उठला. मी त्याला म्हटलं, अरे त्यांनी जहाजाचे पैसे दिलेत, जहाज घेतलं म्हणजे काय मुलगी दिली काय आपल्याला?

इथेच मला वाटतं ग्यानबाची मेख आहे. आपल्या मनात 'थोरला भाऊ' बसलाय. थोरला भाऊ देतो, आणि दिलेलं मोजतो, आणि धाकट्याने वर मान करून बघितलं की त्याला कृतघ्न म्हणतो. हा भाऊ काही आपल्या पुराणातला नाही, इंग्रजाकडून आलेला आहे. नेपाळशी १९५० चा करार, भूतानशी १९४९ चा करार, दोन्हींचा साचा इंग्रजांच्या जुन्या करारांचाच. भूतानच्या करारात तर परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं असं सरळ लिहिलं होतं, ते २००७ मध्ये काढलं. काढल्यावर भूतान काय चीनच्या मांडीवर जाऊन बसला? नाही बसला. उलट सगळ्यात जवळचा शेजारी आज तोच आहे, कारण तिथे चुखासारखी वीज प्रकल्पांची कामं आपण पैसे घालून उभी केली आणि वीज विकतही घेतली, म्हणजे त्याचाही फायदा आपलाही. २०१३ चं सबसिडीचं प्रकरण सोडलं तर तिथे आपण दुकानदारासारखं वागलो, थोरल्या भावासारखं नाही.

मालदीवच्या वेळची आमची इथली गंमत सांगतो आणि आवरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी पंतप्रधानांबद्दल वेडंवाकडं लिहिलं, आपल्याकडे बॉयकॉट सुरू. आमच्या गेस्ट हाऊसवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आनंदीआनंद, आता सगळे गोव्यालाच येणार. मला एक बुकिंग त्यामुळे जास्त मिळालं नाही, ज्याला मालदीव परवडतं तो माझ्या सहा खोल्यांत कशाला येतोय! मालदीवने आपली जागा चिनी पर्यटकांनी भरली. मे महिन्यापर्यंत आपले सैनिक परत आले, त्यांच्या जागी साध्या कपड्यातले तंत्रज्ञ गेले, आणि ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरची चलनाची सोय घेऊन गेले. ते भांडण मिटलं ते दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी शांत राहून मिटवलं म्हणून. एकूण ज्या वेळी आपलं सरकार टीव्हीच्या मागे गेलं नाही त्या वेळी काम झालं, हे माझं निरीक्षण, खोटं असेल तर सांगा.

तेव्हा मागणं एवढंच आहे, आणि तिघांपैकी कुणीही एकाने केलं तरी चालेल. गंगेच्या पाण्याचा १९९६ चा करार तीस वर्षांचा, तो डिसेंबर २०२६ मध्ये संपतो. म्हादईवर बोलणाऱ्या राज्याचे खासदार म्हणून तुम्ही सभागृहात उठून विचारा की त्याचं काय चाललंय, आणि खालच्या अंगाच्या माणसाची बाजू काय असते ते गोंयकार म्हणून सांगा, कर्नाटकवाल्यांनाही ऐकू जाईल. दुसरं, भारत आणि नेपाळच्या जाणकार मंडळींची एक समिती नेमली होती, १९५० च्या करारासकट सगळं तपासायला, तिचा अहवाल २०१८ मध्ये तयार झाला. तो आपल्या बाजूने स्वीकारलासुद्धा नाही. मान्य करू नका हवं तर, पण हातात तर घ्या, आपणच नेमलेली माणसं होती त्यात.

आणि तिसरं, हे फार छोटं आहे. आमच्या कूकने गोव्यात कमावलेले पैसे घरी आईकडे ठेवायला दिले होते, हजाराच्या आणि पाचशेच्या नोटा. नियमाप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत नेता येत होत्या, चोरून नेलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी झाली तेव्हा त्या ट्रंकेत होत्या आणि तो इथे माझ्याकडे. नेपाळातल्या जुन्या भारतीय नोटा बदलून देण्याबद्दल दोन्ही सरकारं बोलत राहिली, आमचा सीझन संपला, मग दुसरा संपला, मग आम्ही विचारायचं सोडलं. त्या दिवशी नाक दाबण्याची गोष्ट झाल्यावर दुपारी तो वर गेला आणि एक पाकीट घेऊन आला, मला म्हणाला दादा ह्या तुमच्याकडेच ठेवा, तुमच्याच देशाच्या आहेत. सहा नोटा हजाराच्या आणि तीन पाचशेच्या. अशा दहा नोटांपर्यंत ठेवायला कायद्याची हरकत नाही, मी बघून घेतलंय.

गल्ल्याच्या खालच्या खणात आहेत. हणजूणकडे कधी आलात तर दाखवतो, तो जूनच्या आधी घरी जाईल, तेव्हा त्याच्या आधी आलात तर बरं.

आपला,
एक गेस्ट हाऊसवाला, डिचोली-हणजूण